फोटूमास्तरांची दिवाळी

सरांच्या स्कूटरला दोन ब्रेक होते. एक पायाखाली आणि दुसरा त्यांच्या डोळ्यांत. पायाखालचा लागेलच याची खात्री नसायची, डोळ्यांतला मात्र हमखास लागायचा. गोंदियाहून दवनीवाड्याच्या शाळेत जाताना मी त्यांच्या मागे बसायचो, आणि शाळा भरायला दहा मिनिटं उरलेली असताना ते अचानक रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायचे. का, तर कोणीतरी बांधावर बसून पायातला काटा काढतोय. किंवा एसटीच्या थांब्यावर दोन म्हाताऱ्या एकाच छत्रीत भांडतायत.

"दोन मिनिटं," ते म्हणायचे. "घाई कायले करता?"

घाई मी करायचो, कारण फाटकात मुख्याध्यापक उभे असायचे आणि सरांना काही न बोलता माझ्याकडे बघायचे. सर इतिहास शिकवत, मी विज्ञान. मी वर्ध्याकडचा, एकोणीसशे नव्याण्णवला नोकरीसाठी इकडे आलेला, आणि सर इथल्याच एका जमीनदार पोवार घराण्यातले. शेती भाऊ बघायचे, सर लोकांना बघायचे. सगळा परिसर त्यांना फोटूमास्तर म्हणायचा आणि ते त्यांना ठाऊक होतं.

कॅमेरा जुना, हाताने रोल पुढे सरकवायचा. तो त्यांनी धाकट्या मुलीच्या लहानपणीच्या टोपड्यात गुंडाळून ठेवलेला असे. रोल फ्रिजमध्ये, लोण्याच्या भांड्याला लागून. पाहुण्यांना ताक द्यायला वहिनींनी फ्रिज उघडला की आधी रोलच्या डब्या बाहेर गडगडायच्या. मग वहिनी पोवारीत रागवायच्या आणि सर मराठीत ऐकून घ्यायचे. लग्नाचे फोटो त्यांनी कधी काढले नाहीत, सख्ख्या पुतण्याच्या लग्नाचेही नाहीत. लग्नात सगळे तयार होऊन आलेले असतात, त्यात आपलं काय काम, असं त्यांचं म्हणणं. रोलमध्ये छत्तीस घास असतात, ते हावरटासारखे खाऊ नयेत, हे दुसरं म्हणणं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की छत्तीस आकडा दिसला की मला अजून भूक लागते.

त्यांच्याबरोबर फिरणं ही लाजेची मोठी शाळा होती. रविवारी ते मला घेऊन निघायचे, आणि का कोण जाणे, मी जायचो. नवेगाव बांधला एकदा गेलो. थंडीचे दिवस, तलावावर पक्षी उतरलेले, नागपूरहून मोठमोठी भिंगं घेऊन आलेले हौशी लोक काठावर ओळीने बसलेले. आमचे सर तलावाकडे पाठ करून उभे. डबा खाता खाता एक नवराबायको भांडत होते, त्यांच्यावर यांचा कॅमेरा. नवरा हातात अर्धी पोळी घेऊन उठला आणि सरळ आमच्याकडे आला. सर शांतपणे म्हणाले, पक्षी सगळेच काढतात, पक्षी पाहायला आलेल्यांना कोण काढतं? तो माणूस काय बोलला ते इथे लिहिता येणार नाही. मी तोवर वीस पावलं दूर जाऊन वनखात्याचा फलक वाचत होतो.

हा माझा उपाय होता. सर कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि मी जवळचा कुठलातरी फलक वाचायला लागायचो, म्हणजे आपण त्या गावचेच नाही. गोंदियाच्या बाजारातल्या सगळ्या औषधांच्या दुकानांच्या पाट्या माझ्या पाठ झाल्या होत्या. तिथे एका कापडवाल्याने त्यांना दरडावून विचारलं होतं, "मास्साब, इसमें फोटो लेने लायक क्या है?" त्याच्या ओट्यावर पाच-सहा जोड चपला आणि एक झोपलेलं कुत्रं होतं. सर म्हणाले, "वही तो मैं भी देख रहा हूँ." आणि खरंच बघत उभे राहिले. कापडवाला शेवटी स्वतःच आपल्या ओट्याकडे बघायला लागला. दरेकसाच्या छोट्या स्टेशनावर तर पॅसेंजरमधून उतरून ते दिवसभर एका बाकासमोर बसले, बाकावर कोण येतं आणि कसं बसतं ते बघायला. परतीची गाडी आली तेव्हा त्यांचे दोन घास खर्च झाले होते आणि माझा सगळा रविवार.

हे हसण्यासारखं आहे आणि मी त्या वेळी स्टाफरूममध्ये ते रंगवून सांगायचोही. पण सरांची आठवण आली की मला हसू येत नाही, आधी मान खाली जाते. कारण मला दिवाळी आठवते.

दिवाळी हा सरांचा शब्द. गावात कॅमेरा काढला की भोवती गर्दी जमायची. माहा काढा जी, आमचा काढा जी. एवढ्यांचे फोटो काढायचे तर रोल अर्ध्या गावात संपेल. मग सर काय करायचे, तर कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशला मागे एक छोटं बटण होतं, फ्लॅश पेटतो की नाही हे तपासायचं. ते दाबलं की लख्ख उजेड पडायचा. आत काही व्हायचं नाही, रोल जागच्या जागी. लोक खूश होऊन डोळे चोळत जायचे. सर माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "दिवाळी दाखवली." त्यांचं म्हणणं, लोकांना फोटो नको असतो, कोणीतरी आपल्याकडे नीट पाहावं एवढंच हवं असतं. फोटो मागायला पुढे कोण येतं? आणि खरंच कोणी यायचं नाही. मलाही ती युक्ती छान वाटायची.

दिवाळीचा खरा सण आटोपला की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. तिला जत्रा म्हणा, बाजार म्हणा, लेकीबाळींना माहेरी यायचं निमित्त म्हणा. रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ नाहीतर नाटक. शाळेच्या वाटेवरच्या एका गावच्या मंडईत आम्ही दुपारीच पोचलो होतो. सरांनी तिथे आरसेवाल्याचं दुकान हेरून ठेवलं होतं. बांबूच्या ताटीवर लहानमोठे आरसे टांगलेले, समोरून सगळी मंडई हलतेय आणि प्रत्येक आरशात तिचा एकेक तुकडा. ऊन उतरलं की हे दुकान पेटेल, असं सर म्हणाले. रोलमध्ये दोनच फोटो उरले होते आणि ते त्यांनी या दुकानासाठी राखले होते.

ऊन उतरायची वाट बघत आम्ही कडुनिंबाखाली उकडलेले शिंगाडे खात बसलो. शिंगाडे विकणारं जोडपं ढिवराचं, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांतलं, गावच्या तळ्यात त्यांची शिंगाड्याची वेल. माणूस चाळिशीचा असेल. अंगात नवा शर्ट, घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. त्याने शिंगाड्याचं टोपलं बाजूला सारलं, बायकोला जवळ बसवलं आणि म्हणाला, "आमचा दोघायचा काढा जी. लगनापासून एक बी नाई." तिने पदर नीट केला. तो समोर बघत, ओठ न हलवता तिला सांगत होता, हालू नोको. ती हलत नव्हती. श्वाससुद्धा धरला असावा. सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला, चांगला वेळ घेतला, दोन पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले. नाटक करायचं तर ते पूर्ण करायचे. मग उजेड पडला.

त्यानंतर ऊन उतरलं, आरशांचं दुकान पेटलं आणि सरांनी राखलेले दोन्ही फोटो काढले. त्यातला एक त्यांच्या सगळ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो आहे. हे मी म्हणतो. त्यांनी तो कधी कोणाला दाखवला नाही.

संक्रांतीच्या सुमारास ती बाई शाळेत आली. सोबत दीर होता. मी तिला ओळखलं नाही, सरांनीही नाही. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. नवरा तापाने गेला होता, औषधाला गोंदियाला न्यायच्या आत. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. भिंतीला लावायला हवा म्हणून ती आली होती. तिला खात्री होती, कारण उजेड पडलेला तिने पाहिला होता. "माहे डोरे दिपले होते जी," ती हसल्यासारखं करून म्हणाली, "तरी मी मिटले नाई."

सर उभे होते. त्यांचा हात टेबलावरच्या डस्टरवर होता आणि ते डस्टर उगाच इकडून तिकडे सारत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो, आता सांगतील म्हणून. ते म्हणाले, रोल धुताना खराब झाला. सगळा नाही, थोडा. शोधतो मी, काहीतरी मिळेल. बाईने हात जोडले आणि म्हणाली, तुमी शोधसाल त मिळनच.

ती गेल्यावर ते वर्गावर गेले आणि मुलांना पानिपत शिकवलं. मी व्हरांड्यातून ऐकलं. आवाज नेहमीसारखाच होता, याचाच मला जास्त राग आला.

संध्याकाळी त्यांच्या घरी आम्ही मंडईच्या रोलची पट्टी उजेडासमोर धरून भिंगातून बघायला बसलो. शेवटचे दोन फोटो, आरशाचं दुकान. त्यातल्या एकात, ताटीच्या अगदी जवळ, एक माणूस पाठमोरा उभा. शर्टाच्या पाठीवर घडीची रेषा. तोच होता. मग आम्ही एकेक आरसा शोधला. एकात बांगड्या होत्या, एकात आभाळ, एकात कोणाचा तरी कान, एकात सरांचाच कॅमेरा. समोरच्या ज्या आरशात त्याचा चेहरा असायला हवा होता, तो आरसा त्याच्याच खांद्याने झाकला होता. सर पुन्हा पुन्हा भिंग फिरवत राहिले. वहिनींनी जेवायला हाक मारली, तेव्हा त्यांनी पोवारीत काहीतरी उत्तर दिलं. ते पोवारीत बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

गोंदियातल्या एका स्टुडिओतून त्यांनी तेवढीच पाठ मोठी करून घेतली. फोटो रवाळ झाला होता, पण माणूस कळत होता. तो घेऊन आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. मला वाटलं, ती म्हणेल हे काय आणलं. तिने फोटो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहिला. मग दिराला म्हणाली, "तोच आहे. मान पाह्य ना." आणि आम्हाला तिने सांगितलं, की फोटो काढून झाल्यावर तो म्हणाला होता, आपण कसे दिसत असू, आणि स्वतःला बघायला आरशाच्या दुकानाकडे गेला होता. तिने सरांच्या पायाला हात लावला. सरांनी पाय मागे घेतला तो इतक्या झटक्याने, की तिला वाटलं असेल ते सोवळं पाळतात.

फ्लॅश त्यांनी त्या दिवसापासून कॅमेऱ्याला लावला नाही. दिवाळी हा शब्द पुन्हा बोलले नाहीत. आता जो मागेल त्याचा फोटो ते खरा काढायचे आणि छापून त्याच्या घरी नेऊन द्यायचे. छत्तीस घासांचं तत्त्वज्ञान संपलं. आणखी एक झालं. आमच्या शाळेचा रस्ता बदलला. सरळ डांबरी रस्ता तिच्या गावातून जायचा आणि तिचं घर रस्त्याला लागून. दार उघडं असलं की समोरच्या भिंतीवर हार घातलेली ती पाठ दिसायची. ती ओट्यावर असली तर हाक मारायची, हंगामात शिंगाड्याची पुडी हातात द्यायची. सरांनी मग नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून जायला सुरुवात केली. तो रस्ता लांबचा आणि खड्ड्यांचा. का, म्हणून मी एकदा विचारलं. तिकडून झाडं चांगली दिसतात, ते म्हणाले. सरांनी जन्मात झाडाचा फोटो काढला नव्हता. मी जास्त बोललो नाही, कारण त्या ओट्यासमोरून जाताना माझीही मान आपोआप दुसरीकडे वळायची.

पुढे डिजिटल कॅमेरा आला. सरांच्या जावयाने पुण्याहून आणून दिला. सर वर्षभर त्याला नावं ठेवत राहिले आणि मग जुना कॅमेरा टोपड्यात गुंडाळून कपाटात गेला. नव्या कॅमेऱ्याची एक गंमत म्हणजे आता कोणीच नुसता फोटो काढून घेईना. क्लिक झालं की माणसं धावत मागे यायची. दाखवा जी. पाहू द्या. बाजारातला भाजीवालासुद्धा टोमॅटो टाकून यायचा, आणि स्वतःला बघून पसंत नसला तर पुन्हा काढायला लावायचा. मला ही कटकट वाटायची. सरांना मात्र बरं वाटत असावं. लोकांपुढे पडदा धरून ते म्हणायचे, बघा, नीट बघा, आहे ना?

दोन हजार आठ-नऊ असेल. ती बाई पुन्हा शाळेत आली. केस पिकले होते. मुलीचं लग्न झालं, म्हणाली, आता घरात एकटीच आहे. माझाही एक फोटो काढून ठेवा. मागून दिराला फोटो शोधत फिरावं लागू नये. सर हो म्हणाले. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. किती वर्षांनी स्कूटर त्या डांबरी रस्त्याला लागली. ओट्यावर पोरं जमली आणि कॅमेरा बाहेर निघाल्याबरोबर दाखवा, दाखवा सुरू झालं. बाईने त्यांना हाकललं. "तुमाले पाहाचीच सवय लागली," ती त्यांना म्हणाली. "सरानं काढला म्हंजे काढला. त्यात पाहाचं काय?"

पोरं गेली. मी सरांकडे पाहिलं नाही. सवयीने वाचायला काहीतरी शोधलं. त्या घरात वाचण्यासारखं काहीच नव्हतं, दारातून दिसणारी ती भिंत होती आणि भिंतीवर ती पाठ.

बाई ओट्यावर बसली. पदर सारखा केला. आणि वळून, आमच्याकडे पाठ करून बसली.

सर म्हणाले, बाई, तोंड इकडे करा. तिने नकार दिला. "त्याच्या बाजूले लावाचा आहे," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तो तिकडं पाहून राहिला, न् मी इकडं पाहू का? कसं दिसन?"

सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली घेतला. पुन्हा लावला. या वेळी ते नाटक नव्हतं. त्या पाठीकडे बघत, वर्गात बोलतात तशा स्पष्ट आवाजात ते म्हणाले, "बाई, मंडईत मी तुमचा दोघांचा फोटो काढलाच नव्हता. रोल खराब झाला ते खोटं. मी नुसता उजेड पाडला होता."

पदरावरचा तिचा हात थांबला. ती वळली नाही. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. तिचा चेहरा दिसत असता तर सरांना हे बोलता आलं नसतं, हे मला तेव्हा कळलं, आणि हे कळल्यावर मला त्यांची जास्तच लाज वाटली. स्वतःचीही वाटली. उजेड पडला तेव्हा मी शेजारीच शिंगाडे खात होतो.

"आमी किती वेळ बसलो होतो जी," ती शेवटी म्हणाली. "तो म्हने, हालू नोको."

तिने पदर पुन्हा सारखा केला.

"काढा आता. ऊन जाऊन राहिलं."

त्यांनी फोटो काढला. बाई उठली, वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही दिसत नव्हता. ती सरांच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"काढला का?"

"काढला."

"दाखवा."

सरांनी कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिने तो त्यांच्या हातातून काढून आपल्या हातात घेतला, दारातल्या सावलीत नेला आणि डोळे बारीक करून पाहिला. पोरं पाहतात तसं हसत नाही, बाजारात पारखून घ्यावं तसं. मग परत आणून दिला. "हव," ती म्हणाली, "आहे." आणि आत जाऊन आम्हाला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी प्यालो. सरांनी पेला हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

परत निघालो तेव्हा सूर्य धानाच्या बांध्यांवर टेकला होता. रस्त्याच्या कडेला एक माणूस सायकलवर आरसा बांधून नेत होता, एवढा मोठा आरसा की त्यात सगळं आभाळ मावलं होतं. मी मागून सरांच्या खांद्याला हात लावला आणि तिकडे बोट दाखवलं. त्यांनी पाहिलं. गोंदिया येईपर्यंत स्कूटर कुठेच थांबली नाही.